न दिसणारी श्रीमंती

शास्त्रवाचन : मत्तय ६:१-४ व १९-२४; २ राजे ५:१५-२७



महाराष्ट्राबाहेरच्या ज्या ज्या शहरांत मराठी ख्रिस्ती कुटुंबे नोकरीधंद्याच्या निमित्ताने जाऊन स्थिरावली, तेथे बहुधा एखादी लहानशी मराठी मंडळीही उभी राहिली आहे. अशाच एका मंडळीत दोन दिवसांच्या पवित्र शास्त्र अभ्यासासाठी मला बोलावणे आले होते. उतरण्याची सोय एका कारखानदार बंधूंकडे होती. यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा त्यांचा व्यवसाय; शून्यातून उभा केलेला. घर नीटनेटके, पण भपका कोठेही नाही. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी आपल्या मनात घोळत असलेला विषय काढला. त्यांना नवी मोटार घ्यावयाची होती.

"भाऊ, देवाने पैसा दिलाय, नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण दिखावा नको. गाडी अशी हवी की ज्याला कळतं त्याला कळावं, आणि ज्याला कळत नाही त्याच्या लक्षातही येऊ नये."

वाक्य मला इतके आवडले की मी ते तेथल्या तेथे वहीत टिपून घेतले, आणि त्यांच्या विनयाचे तोंडभरून कौतुकही केले. दुसऱ्या दिवशी त्याच घरातून निघताना जे ऐकावयास मिळाले ते मी पुढे सांगणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की परतीच्या गाडीत वही उघडली तेव्हा त्याच वाक्यातील एक शब्द मला टोचू लागला. 'ज्याला कळतं.' हा 'ज्याला' कोण? त्याला कळावे अशी आपली इच्छा का असावी? आणि ज्याच्यापासून लपवावयाचे, तो कोण?

मोटारींच्या जगात ही इच्छा पुरविणारी एक स्वतंत्र कला आहे. तिचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन या कंपनीच्या नावाचा अर्थच मुळी 'लोकांची गाडी' असा आहे. या कंपनीने २००२ साली 'फेटन' नावाची मोटार बाजारात आणली. ती बांधण्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना उभारला. फर्डिनांड पिएख हे तेव्हाचे कंपनीप्रमुख. बाहेर पन्नास अंश उष्मा असताना ताशी तीनशे किलोमीटर वेगाने दिवसभर पळूनही आत बावीस अंशांचा गारवा टिकला पाहिजे, अशी अट त्यांनी अभियंत्यांना घातली होती, असे सांगतात. बारा सिलिंडरांचे इंजिन त्या गाडीत मिळत असे. आतील हवेची तोंडेसुद्धा लाकडी पट्ट्यांआड झाकलेली असत. गरज पडली की पट्ट्या हळूच सरकत. तिच्याच पायाभूत रचनेवर बेंटलीसारख्या राजेशाही मोटारी तयार झाल्या. आणि बाहेरून? बाहेरून ती त्याच कंपनीच्या मध्यमवर्गीय 'पसाट' गाडीची थोरली बहीण दिसे. नाकावर बोधचिन्हही तेच. शेजाऱ्याला वाटावे, साहेबांनी जरा मोठी गाडी घेतली. जाणकाराने मात्र वाटेत थबकून पाहावे. अपेक्षेइतका खप झाला नाही आणि २०१६ साली तिचे उत्पादन थांबले. नावाची गंमत अशी की ग्रीक पुराणकथेतील फेथॉन हा सूर्यपुत्र. आपण कोणाचे पुत्र आहोत हे सर्वांना दिसावे म्हणून बापाचा रथ मागून घेतला आणि आकाशातून कोसळला, तो हाच. इतक्या अबोल गाडीला इतक्या बोलक्या मुलाचे नाव!

जपानमध्ये टोयोटा कंपनीची 'सेंच्युरी' आहे. १९६७ साली, कंपनीच्या मूळपुरुषाच्या, साकिची टोयोडा यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ती निघाली. बाहेरून जुन्या वळणाची काळी पेटी. आत कातड्याऐवजी लोकरी कापडाच्या बैठका, कारण कातडे बसता-उठता आवाज करते. जर्मनीत तर गाडी मागवतानाच मागच्या बाजूचा मॉडेलचा आकडा न लावण्याची सोय ग्राहकाला मिळते. आपली गाडी त्या जातीतील सर्वांत महाग आहे की सर्वांत स्वस्त, हे मागून येणाऱ्याला कळू नये, एवढ्यासाठी. अमेरिकेतील अब्जाधीश दुकानदार सॅम वॉल्टन १९९२ साली वारले. ते आपला १९७९चा फोर्ड पिकअप ट्रकच चालवीत. तो ट्रक आता त्यांच्या कंपनीच्या बेंटनव्हिल येथील संग्रहालयात मांडून ठेवला आहे. त्यांच्या साधेपणाविषयी शंका घेण्याचा मला अधिकार नाही. पण साधेपणाचे प्रदर्शन मांडता येते आणि ते पाहावयास लोकही येतात, ही गोष्ट विचार करावयास लावणारी नाही काय? २०१५ साली पोप फ्रान्सिस अमेरिकेत गेले तेव्हा मोठमोठ्या काळ्या गाड्यांच्या ताफ्यात ते लहानशा फियाटमध्ये बसून फिरले. ते कृत्य मनापासूनचे होते, असे मी मानतो. परंतु जगाने त्याचे काय केले पाहा. पुढल्या वर्षी फिलाडेल्फियात त्यांपैकी एक फियाट लिलावात ८२,००० डॉलरला विकली गेली. पैसा सत्कार्याला गेला, हे चांगलेच झाले. तरी साधी गाडी फार काळ साधी राहत नाही, एवढे खरे.

आता शास्त्राकडे वळू. पवित्र शास्त्रात वाहनांचा उल्लेख आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ अधिक आहे. राजाने घोड्यांची संख्या वाढवू नये अशी सक्त ताकीद नियमशास्त्रात आहे (अनुवाद १७:१६). पुढे शलमोनापाशी १,४०० रथ झाले, आणि मिसरातून आणलेल्या एका रथाला ६०० शेकेल रुपे पडत असे, हा हिशोब शास्त्रलेखकाने कोरडेपणाने नोंदवून ठेवला आहे (१ राजे १०:२६-२९). अबशालोमाने बंडाची तयारी केली ती रथ, घोडे आणि पुढे धावणारी पन्नास माणसे ठेवून (२ शमुवेल १५:१). अदोनीयाने नेमके तेच केले (१ राजे १:५). हा झाला उघड दिखावा. त्यावर प्रवचन करणे सोपे असते, आणि आम्ही उपदेशक ते वारंवार करतो.

परंतु त्याच अध्यायात एक दुसरे वाहन आहे. मृत्युशय्येवरचा दावीद आज्ञा करतो की शलमोनाला माझ्या खेचरीवर बसवून गीहोनाकडे न्या (१ राजे १:३३). खेचर! आपल्या कानाला हा शब्द किती सामान्य वाटतो. ओझी वाहणारे, डोंगरवाटा तुडविणारे जनावर. भाषांतर करताना आम्हांला येथे नेहमी अडचण येते, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खेचर म्हटले की विटांची पोती उभी राहतात. पण इस्राएलात दोन जातींच्या जनावरांचा संकर करण्यास मनाई होती (लेवीय १९:१९). त्यामुळे खेचरे बहुधा बाहेरूनच आणावी लागत. राजपुत्र खेचरांवर बसत (२ शमुवेल १३:२९), आणि परदेशचे राजे शलमोनाला ज्या भेटी पाठवीत त्यांत खेचरे असत (१ राजे १०:२५). अदोनीयाच्या रथापुढे पन्नास माणसे धावत होती. शलमोनाखाली दिसावयास एक खेचरी होती, पण ज्याला कळते त्याला कळले, आणि त्या दिवशी सगळे नगर दणाणून गेले. माझ्या कारखानदार मित्राला हवी होती ती गाडी दावीदाच्या तबेल्यात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून खेचरी वाईट ठरते असे मी म्हणत नाही. मला दाखवावयाचे आहे ते हे की वाहन लहान केल्याने माणूस लहान होतो असे नाही. त्याची भाषा तेवढी बदलते. रथ सर्वांशी बोलतो. खेचरी निवडक लोकांशी बोलते.

योहानाच्या पहिल्या पत्रात जगाच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतील तिसरीसाठी आपल्या मराठी शास्त्रात 'फुशारकी' हा शब्द योजला आहे (१ योहान २:१६). मूळ ग्रीक शब्द 'अलाझोनेइया'. 'अलाझोन' म्हणजे ग्रीक नाटकांतील बढाईखोर. आपल्यापाशी नाही ते आहे असे सांगत फिरणारा. त्याच्या समोर दुसरे पात्र असे, 'एइरोन'. हा आपल्यापाशी आहे ते नाही असे भासवी. प्रेक्षकांची पसंती अर्थातच या दुसऱ्याला. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात या दोघांचा विचार केला आहे. खरा माणूस या दोघांच्या मध्ये असतो असे तो म्हणतो, आणि मग सहज एक उदाहरण देऊन जातो, स्पार्टाच्या लोकांच्या वेषाचे. तो वेष मुद्दाम ओबडधोबड, साधा असे. ॲरिस्टॉटलच्या मते ही अतिरिक्त काटकसरसुद्धा फुशारकीचाच प्रकार होऊ शकते. आपल्या प्रभूच्या जन्माच्या सव्वातीनशेहून अधिक वर्षे आधी, मूर्तिपूजकांच्या नगरीत, एका तत्त्वज्ञाला हे कळले होते. आम्हां ख्रिस्ती लोकांना ते अजून समजावून सांगावे लागते.

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण दुसऱ्याच्या गाडीवर बोट ठेवणाऱ्याने आपले वाहन कोठे उभे आहे हे आधी सांगावे.

मी बावीस वर्षे एकच स्कूटर वापरली. तिचा रंग उडाला होता, आसन दोनदा शिवले होते, आणि थंडीच्या दिवसांत तिला तिरकी करून उभी केल्याशिवाय ती सुरू होत नसे. अखेरची सात-आठ वर्षे दुसरे वाहन घेणे मला शक्य होते. मी घेतले नाही. विचारणाऱ्यांना मी सांगे, "देवाचे काम करणाऱ्याला एवढे पुरे." उपदेशांतही तिचा उल्लेख येऊ लागला. माझी पत्नी एकदा म्हणाली, "तुमच्यापेक्षा तुमची स्कूटरच जास्त उपदेश करते." मी हसलो. चर्चच्या आवारात मी ती फाटकाजवळ, सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभी करीत असे, हे तिने पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहत. त्यांची मोटार म्हणजे एक मिरवणूकच होती. चकचकीत पट्ट्या, रंगीत दिवे, मागे सरकताना गाणे वाजणारे यंत्र. एका प्रवचनात मी, नाव न घेता, त्या गाडीचा दाखला दिला होता, आणि मंडळी हसली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, रात्री दोनच्या सुमारास माझ्या सासूबाईंना श्वास लागला. रुग्णवाहिका येईना. स्कूटरवर त्यांना नेणार कसे? मी त्यांच्याच दारावर थाप मारली. ते गृहस्थ बनियनवर खाली आले. वाटेत सासूबाईंना ओकारी झाली आणि मागची पांढरी आसने खराब झाली. पहाटेपर्यंत ते दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होते. आसनांविषयी त्यांनी त्या रात्री किंवा नंतर कधीही एक शब्द काढला नाही. माझ्या साधेपणात त्या रात्री आजारी माणसाला बसावयास जागा नव्हती.

तेव्हापासून डोंगरावरील प्रवचनाचा सहावा अध्याय मी वेगळ्या रीतीने वाचू लागलो. आपण त्या वचनांचा आधार घेऊन म्हणतो, 'प्रभूने गुप्तपणे वागावयास सांगितले आहे.' खरे आहे. पण त्याने काय गुप्त ठेवावयास सांगितले, ते पुन्हा एकदा पाहा. दान, प्रार्थना, उपास. ज्याने उपास केला आहे त्याने तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून चारचौघांसारखे दिसावे. म्हणजे आतील त्याग बाहेर कळू नये. ज्या 'दिसावे म्हणून' या शब्दावर प्रभू इतका भर देतो, तो मूळ ग्रीकमध्ये 'थिएटर' या शब्दाच्याच कुळातला आहे. देणे हे नाटक होऊ नये, हा त्याचा आग्रह. परंतु धन गुप्त ठेवा, असे तो कोठे म्हणतो? प्रभूने लपवावयास सांगितला तो दिलेला पैसा. आपण लपवितो तो राखलेला पैसा. दोहोंना आपण 'विनय' हे एकच नाव दिले आहे.

वाचण्यासाठी दिलेल्या दुसऱ्या शास्त्रभागात ही दोन माणसे समोरासमोर उभी आहेत. नामान घोडे आणि रथ घेऊन अलीशाच्या दाराशी येतो. दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने, दहा पोशाख, सगळे उघड. त्याच्या डामडौलाला संदेष्टा भीक घालीत नाही, बाहेरसुद्धा येत नाही. पण हा डौलदार माणूस दोनदा खाली उतरतो. एकदा यार्देनेच्या पाण्यात, आणि दुसऱ्यांदा, हे आपल्या लक्षात येत नाही, आपल्या मागून धावत येणाऱ्या एका नोकराला पाहून तो रथातून उतरून त्याला सामोरा जातो (२ राजे ५:२१). एका सेनापतीने एका सेवकासाठी रथ थांबविला आणि 'सर्व ठीक आहे ना?' अशी चौकशी केली! त्याच्या हातून दोन किक्कार रुपे आणि दोन पोशाख सहज सुटतात.

आणि गेहजी? गेहजीचे राहणे साधे आहे. संदेष्ट्याचा सेवक, रथ नाही, घोडा नाही. त्याने घेतलेले धन टेकडीपाशी येताच वाहून आणणाऱ्यांच्या हातांतून काढून घेतले, घरात ठेवले, माणसांना वाटेला लावले, आणि जसा होता तसा, रिकाम्या हातांनी, धन्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या अंगावरच्या कपड्यांत काहीच बदल झाला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्यात आणि कालच्या गेहजीत काहीएक फरक दिसला नसता. अलीशाने विचारले ते एवढेच की तू कोठून आलास. नामान ज्या कोडातून मुक्त झाला ते कोड गेहजीच्या वाट्याला आले. नामानाची श्रीमंती दिसत होती म्हणून त्याच्याकडे मागता तरी येत होते, अगदी लबाडीनेसुद्धा. गेहजीकडे कोणी काय मागणार? त्याच्यापाशी काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

होय, मी हे कठोरपणे लिहीत आहे याची मला जाणीव आहे. प्रामाणिक कष्टाने मिळविलेल्या पैशाची गेहजीच्या लुटीशी तुलना करणे न्याय्य नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. चोरांचे भय, नातलगांचा हेवा, लग्नकार्यात वाढणाऱ्या मागण्या, या कारणांसाठी मध्यमवर्गीय दिसणे हे कित्येकदा शहाणपणाचेच असते. याकोबाने सभास्थानात येणाऱ्या ज्या सोन्याच्या अंगठीवाल्याचे चित्र काढले आहे (याकोब २:२-३), तो होण्यापेक्षा साधी गाडी बरी, यात वाद नाही. त्यासाठी याकोबाने योजलेला 'सोनबोट्या' अशा अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. जणू त्या माणसाला पाहून त्याला नवीनच शब्द सुचला. पण याकोबाचा राग त्या माणसापेक्षा त्याला पुढची जागा देणाऱ्यावर अधिक आहे. आजचा तो जागा देणारा बोटांकडे पाहत नाही. तो आवारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहतो, आणि तो जाणकार असला तर साध्या दिसणाऱ्या महाग गाडीच्या मालकाला आणखी पुढे बसवितो.

मग साधेपणा म्हणजे काय? येथे पुन्हा एक शब्द आहे, आणि या शब्दाने मला भाषांतराच्या मेजावर जितके दिवस अडवून ठेवले तितके क्वचितच कोणी ठेवले असेल. मत्तय ६:२२ मध्ये प्रभू डोळ्याविषयी बोलतो. संपत्तीच्या दोन वचनांच्या मधोमध हा डोळा का आला, असा प्रश्न वाचकाला पडतो. आपल्या शास्त्रात त्या डोळ्याला 'निर्दोष' म्हटले आहे. मूळ शब्द 'हाप्लूस'. त्याचा धात्वर्थ 'एकपदरी'. ज्याच्या आत दुसरी घडी नाही, असा. याच शब्दावरून झालेले 'हाप्लोटेस' हे नाम पौल वापरतो, आणि तेथे मात्र त्याचा अर्थ चक्क औदार्य असा करावा लागतो. मासेदोनियातील मंडळ्या अत्यंत दारिद्र्यात असताना त्यांच्या ठायी जे उतू गेले ते 'हाप्लोटेस' (२ करिंथ ८:२). देणाऱ्याने ज्या वृत्तीने द्यावे तीही 'हाप्लोटेस' (रोम १२:८). एकच शब्द, एकीकडे साधेपणा, दुसरीकडे औदार्य. इब्री बोलीतही 'वाईट डोळा' म्हणजे गरीब भावाकडे पाहून आखडलेला हात (अनुवाद १५:९), आणि 'चांगला डोळा' म्हणजे आपल्या भाकरीतून दुर्बलांना देणारा (नीतिसूत्रे २२:९). दोन संपत्तींच्या वचनांमध्ये हा डोळा उगाच आलेला नाही. मराठीत या दोन्ही अर्थांना पुरे पडेल असा एक शब्द मला आजवर सापडलेला नाही. कोणा वाचकाला सापडला तर कळवावा.

एकपदरी गाडी अशी काही वस्तू असते काय, हे मला माहीत नाही. पण दुपदरी गाडी मात्र मी पाहिली आहे. तिचा एक पदर सर्वांसाठी आणि दुसरा जाणकारांसाठी.

पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले; त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकून घेतले. संस्कृतवरील प्रभुत्वासाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या ज्यांना मिळाल्या, त्यांनी आपल्या भाषांतरात संस्कृत शब्दांना शक्य तेथे दूर ठेवले, कारण मुक्ती मिशनमधल्या अडाणी बायकांना ते समजावे अशी त्यांची इच्छा होती. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ त्यानंतर, १९२४ साली निघाला. त्यांच्या साध्या वाक्यांमागे केवढी विद्या आहे हे जाणकाराला दिसतेही. पण ती वाक्ये जाणकारासाठी लिहिलेलीच नाहीत. जिला कळत नाही तिच्यासाठी लिहिलेली आहेत. माझ्या मित्राचे वाक्य त्यांच्यापुढे ठेवले असते तर त्यांनी ते उलटे फिरवून परत केले असते, असे मला वाटते.

प्रभू येशू यरुशलेमेत आला तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे वाहन नव्हते. शिंगरू मागून आणले होते, आणि ते लगेच परत पाठवू असा निरोपही दिला होता (मार्क ११:३). त्याच्या साधेपणाची वस्तू त्याच्या मालकीची नव्हती; संग्रहालयात ठेवावयास मागे काहीच उरले नाही. आणि दुसरीकडे कांदके राणीचा तो कूशी खजिनदार पाहा (प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०). तो रथात बसून चालला आहे. रथाला नाव ठेवावे असे लूकला वाटले नाही, आत्म्यानेही फिलिप्पाला 'त्या रथापासून दूर राहा' असे सांगितले नाही. उलट त्याच्याजवळ जा असे सांगितले. अरण्यातल्या वाटेवर धुळीने माखलेला, पळत आलेला एक अनोळखी माणूस, आणि खजिनदार त्याला वर येऊन आपल्याजवळ बसण्याची विनंती करतो. त्या रथात आणखी एकाला जागा होती.

आता त्या रविवारविषयी. उपासनेच्या अखेरीस पाळकांनी जाहिरात केली की चर्चची झाडलोट करणाऱ्या विधवा भगिनीच्या मुलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, पण पहिल्या वर्षाची फी भरावयाची मुदत शुक्रवारी संपते. पाकीट फिरविण्यात आले. माझ्या यजमानांनीही त्यात हात घातला. संध्याकाळी मला स्टेशनवर सोडताना ते म्हणाले, "भाऊ, बारा वर्षं झाली या मंडळीत. एकानेही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. साधं राहण्याचा हा फायदा आहे." त्यांच्या स्वरात समाधान होते. मग जरा थांबून, आपण होऊनच म्हणाले, "सकाळी त्या पाकिटात मी शंभराची नोट टाकली. सगळे तेवढंच टाकत होते. जास्त टाकलं असतं तर लोकांच्या लक्षात आलं असतं."

मी काही बोललो नाही. गाडीची वेळ झाली होती, हे निमित्त. खरे कारण, बोलण्याचे धैर्य झाले नाही. ज्यांच्या घरी दोन दिवस जेवलो त्यांना काय सांगणार? बर्थवर बसल्यावर मी वही उघडली आणि त्यांचे पहिले वाक्य वाचले, ते वर सांगितलेच आहे. घरी पोहोचल्यावर मी त्यांना आभाराचे पत्र लिहिले. त्यात बायबल-अभ्यासाविषयी लिहिले, त्यांच्या पत्नीच्या हातच्या स्वयंपाकाविषयी लिहिले, आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, 'हाप्लोटेस' या शब्दाचे दोन्ही अर्थ लिहिले. दुसरे काही लिहिले नाही. गाडीचा उल्लेखही केला नाही.

शुक्रवार होऊन गेला होता. मुलीच्या फीचे काय झाले हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारावयाची लाजही वाटत होती. त्या पाकिटात मीही शंभराचीच नोट टाकली होती, हे अजून सांगावयाचे राहिलेच.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. पाळकांनी कोठून तरी हातउसने घेऊन पहिला हप्ता भरला होता, प्रवेश टिकला होता. नवी गाडी आल्याचेही त्यांनी सांगितले. कोणती, ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मग म्हणाले, "त्या मुलीचं कॉलेज तीन वर्षांचं आहे की चार, तुम्हाला माहीत आहे का?" मला माहीत नव्हते. मंडळीच्या खजिनदारांना विचारा, असे मी म्हणालो.

"खजिनदारांना विचारलं तर त्यांना कळेल," ते म्हणाले.

"मग पाळकांना विचारा."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "बरं," ते म्हणाले, "पण भाऊ, मी विचारलं हे तुम्ही कुणाला सांगू नका."